कॉर्नरजवळच्या चार सीटा

युरोपात आमचा फुटबॉल क्लब आठवा आहे. हे मी कुणाची परवानगी घेऊन सांगत नाहीये. गेल्या मोसमात शेवटच्या सोळांत आम्ही हरलो ते पेनल्टीवर, आणि ज्यांनी हरवलं ते पुढे फायनल खेळले. त्यांना घाम फोडणारे आम्ही आठवे नाही तर कोण? तरी दर उन्हाळ्यात माझ्या दुकानात बसून तीन शहाणी माणसं माझ्याशी वाद घालतात, माझीच कॉफी पितात आणि वर माझंच डोकं खातात.

दुकान सोफादुरुस्तीचं. जुने सोफे उसवायचे, खालचे पट्टे ताणायचे, स्प्रिंगा बांधायच्या, नवं कापड चढवायचं. त्यामुळे बसायला जागा भरपूर, फक्त कुठली कधी टोचेल याचा भरवसा नाही. त्या दिवशी डॉक्टरीणबाई एका गिऱ्हाइकाच्या आरामखुर्चीत बसल्या होत्या. खुर्चीला एकच हात शिल्लक होता. या डॉक्टरीणबाई दातांच्या. दिवसभर लोकांच्या किडलेल्या दाढा बघून त्यांचा जगावरचा विश्वास उडालाय. त्यांच्या मते आम्ही युरोपात विसावे, तेही कुणी मोजताना चुकलं तर.

दुसरे माझे धाकटे दीर. ते औषधांच्या दुकानात काउंटरवर असतात आणि आम्ही त्यांना बातमीदार म्हणतो, कारण कुठला खेळाडू कुठल्या विमानात बसला हे त्यांना विमानातल्या माणसांच्या आधी कळतं. निम्मं खोटं निघतं. पण सांगताना चेहरा असा करतात की विमान त्यांनीच सोडलंय.

आणि तिसरे मामा. म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता निवृत्त. माझ्या नवऱ्याला फुटबॉलचं वावडं. मामांनी भाच्यासाठी स्टेडियममध्ये हौसेनं घेऊन ठेवलेली सीट दर सामन्याला रिकामी राहायची. मी लग्न होऊन घरात आले आणि पहिल्याच जेवणाला मामांनी विचारलं, "सूनबाई, ऑफसाइड कळतो का?"

"नाही."

"शिकशील?"

"शिकवाल?"

झालं. माझ्याच दुकानातली सोफ्याची बटणं टेबलावर मांडून त्यांनी मला ऑफसाइड शिकवला. लग्नात मला काय काय मिळालं ते सासूबाई सांगतील, पण माझ्या लेखी खरा अहेर म्हणजे ती सीट.

आमच्या चार सीटा स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर, बरोबर मध्यरेषेवर. अशा जागेसाठी लोक वर्षानुवर्षं नाव लावून बसतात. या चारांत कोण कुणाशेजारी बसणार, हे ठरवायचं ते फक्त ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू घ्यायची-विकायची मुदत, उघडी असताना. खेळाडूंची होते ती ट्रान्सफर, आमची होते ती बदली. सीझन कार्डावरची, म्हणजे मोसमभराच्या तिकिटावरची, सीट बदलायची मुदत क्लबानेही विंडोबरोबरच ठेवली आहे, म्हणून ही पद्धत पडली. नियम एकच. चौघांनी तोंडाने 'मान्य' म्हटल्याशिवाय बदली नाही, आणि विंडो बंद झाली की पुढची उघडेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. एका वर्षी डॉक्टरीणबाई बेसावध क्षणी बातमीदारांच्या शेजारी बसायला 'मान्य' म्हणून गेल्या. अख्खा मोसम कानात विमानं घरघरत होती, पण बाई जागच्या हलल्या नाहीत. याला म्हणतात शिस्त.

तर तो विंडोचा शेवटचा दिवस. सातला बंद होणार होती. मी दाताखाली खिळे धरून एका सोफ्याच्या पाठीला कापड ठोकत होते आणि वाद नव्या सेंटर फॉरवर्डवर आला होता. त्याचं नाव आम्ही बांबू ठेवलं होतं. गोलपोस्टच्या वरच्या दांडीवर धूळ बसली तर तो शिडीशिवाय पुसू शकेल.

"एवढा उंच माणूस वाकणार कधी आणि पळणार कधी?" डॉक्टरीणबाईंनी नाक मुरडलं. "मागच्या क्लबात काय दिवे लावले त्याने?"

"त्याला चेंडू देणारं कुणी नव्हतं तिकडे," मी खिळे काढून म्हणाले. "इथे देऊ. डावा बॅक नवा घेतलाय, तोही चांगला. विंगर विकला ते उत्तम केलं, तो आरशात जास्त बघायचा. मी सांगते, या वर्षी आपण आठव्याचे सहावे."

"दहावे," मामा म्हणाले. ते नेहमी दहावेच म्हणतात. आपला माणूस पहिल्या दहात असावा पण डोक्यात हवा जाऊ नये, असा त्यांचा हिशेब.

तेवढ्यात बातमीदारांनी हात वर केला. "थांबा, थांबा! समुद्रकाठच्या त्या छोट्या क्लबाने आपल्या कप्तानासाठी बोली लावलीय."

"कप्तानासाठी?" मामा हसले. "छट्. त्याला कोण सोडतंय? इथेच वाढला, इथेच म्हातारा होणार."

आता मी गप्प बसायला हवं होतं का? मुळीच नाही. माझं मत होतं आणि ते मी गेला अख्खा मोसम पोटात ठेवलं होतं.

"विकून टाका," मी म्हणाले.

"वहिनी!" बातमीदारांच्या हातून फोन पडता पडता राहिला.

"वहिनी काय? पाय गेलेत त्याचे. पहिल्या अर्ध्यात पळतो, दुसऱ्या अर्ध्यात फिरायला आल्यासारखा चालतो. लोक भिडेपोटी बोलत नाहीत आणि तो जागा अडवून बसलाय. ज्याचे पाय गेले त्याने आपण होऊन उठावं, दुसऱ्यावर सांगायची वेळ आणू नये. युरोपात वर चढायचं असेल तर भावना घरी ठेवून यायचं."

बोलले आणि दोन खिळे एका दमात ठोकले. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली, आणि त्या माझ्या बोलण्याला मान डोलावतात असं सहसा होत नाही. मी खूश होते.

मामांनी कप खाली ठेवला. सदऱ्याच्या खिशातून सीझन कार्ड काढलं आणि माझ्या टेबलावर, बटणांच्या डब्याशेजारी ठेवलं.

"पटलं," ते म्हणाले. "मग आधी माझी बदली करा."

आम्हाला वाटलं गंमत करतायत. बातमीदार हसलेसुद्धा.

"वरचा जिना चढवत नाही मला. गेल्या मोसमापासून," मामा म्हणाले. आवाज अगदी साधा, लिफ्टचा कुठला भाग बदलायचाय ते सांगावं तसा. "मधे तीनदा बसतो. शहरातल्या निम्म्या लिफ्ट मी चालू ठेवल्या आणि आमच्या स्टेडियमला लिफ्ट नाही, आता काय बोलणार? आज सकाळपासून कार्ड खिशात घेऊन फिरतोय. सांगायला तोंड उघडत नव्हतं. सूनबाईने सोपं केलं."

मग एकेक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर आली. मामा सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले असायचे, आणि मी आजूबाजूच्या लोकांना फुशारकीनं सांगायचे, आमच्या मामांसारखा चाहता नाही, वॉर्मअपसुद्धा चुकवत नाहीत. मध्यंतरात ते कॉफीला खाली यायचे बंद झाले होते. "इथेच बरं वाटतं," म्हणायचे. मला वाटलं, खालची कॉफी आवडेनाशी झाली. स्प्रिंग कुठे बसलीय हे मला सोफ्यावरून हात फिरवला की कळतं, आणि शेजारी बसलेल्या माणसाचं काही कळलं नाही.

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला.

"आणि तुमच्या सीटवर कोण बसणार?" मी विचारलं.

"बघून ठेवलाय. डॉक्टरीणबाईंचे यजमान. त्यांनी दोनदा विचारलं होतं."

डॉक्टरीणबाई एका हाताच्या खुर्चीतून ताडकन उठल्या. "अजिबात नाही! तो समोरच्यांच्या गोललाही टाळ्या वाजवतो. म्हणतो, खेळ सुंदर होता. आठवड्यातलं माझं एवढं एकच सुख आहे मामा, त्यात नवरा नको."

"मान्य नाही," बातमीदार म्हणाले.

"मलाही मान्य नाही," मी म्हणाले. "झाली बदली रद्द. उचला ते कार्ड."

"रद्द झाली तरी जिना तेवढाच राहणार," मामा म्हणाले.

भिंतीवरचं घड्याळ सहाच्या पुढे गेलं होतं. मी हातोडी खाली ठेवली आणि बातमीदारांकडे वळले. "भाऊजी, तुमच्या त्या फोनवरून कधीतरी खरी बातमी काढा. क्लबाच्या ऑफिसला विचारा, चार सीटा एकत्र, जिना न चढता, कुठे आहेत का."

त्यांनी फोन लावला. बराच वेळ हूं हूं केलं आणि मग तोंड वाकडं करून आमच्याकडे पाहिलं. "आहेत. खाली, अगदी पहिली रांग. कॉर्नरच्या झेंड्याजवळ. गेटातून सरळ सपाट चालत जाता येतं."

"कॉर्नरला?" डॉक्टरीणबाई किंचाळल्याच. "तिथून पलीकडचा गोल काड्यापेटीएवढा दिसतो. ऑफसाइड तर देवालाही कळणार नाही."

"वरच्या सीटा सोडल्या की परत मिळणार नाहीत," बातमीदार फोनवर हात ठेवून म्हणाले. "यादीतल्या पुढच्या माणसाला लगेच जातात. ते सांगतायत, सातच्या आत काय ते कळवा."

मध्यरेषा. जिथून सगळं मैदान टेबलावर मांडलेल्या बटणांसारखं दिसतं. मी त्या सीटसाठी नवऱ्याचे दोन वाढदिवस आणि नणंदेच्या साखरपुड्याची संध्याकाळ सोडली होती. सांगायला लाज नाही, माझा जीव तुटला. पण तुटला तो एकदाच. "मान्य," मी म्हणाले.

बातमीदार म्हणाले, "मान्य."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "विसावे होतो, आता पंचविसावे दिसू. मान्य."

"मला मान्य नाही," मामा म्हणाले. "वेड लागलंय का तुम्हाला? माझ्या गुडघ्यांपायी चौघांनी मधली जागा सोडायची? ही दया झाली. मला दया नको."

"दया कुणावर?" माझा आवाज चढला. "तुमच्यावर? माझी सीट मला कुणी दिली? तुम्ही. मग ती मी वर ठेवीन नाहीतर खाली. तुम्ही शेजारी नसाल तर मला तिथे करमणार नाही. झालं समाधान? हे ऐकायचं होतं?"

मामांचे डोळे बारीक झाले. बटणांवरून परीक्षा घेताना व्हायचे तसे.

"बरं," ते म्हणाले. "मग एक कर. कप्तानाबद्दल बोललीस ते मागे घे. म्हण, चुकले मी, कप्तान राहायला हवा. एवढं म्हण, मी लगेच मान्य म्हणतो."

बातमीदार मला खुणा करायला लागले. डॉक्टरीणबाई माझ्या कानाशी आल्या. "म्हणा ना. शब्दच आहेत. मी रोज लोकांना सांगते, दुखणार नाही."

सात वाजत आले होते. फोनवरचा माणूस पलीकडून हॅलो हॅलो करत होता. एक वाक्य म्हणायचं होतं, आणि मामा शेजारच्या सीटवर पक्के. मी तोंड उघडलं. ते वाक्य जिभेवर आलंसुद्धा. पण मामांकडे बघून खोटं बोलणं मला जमलं नाही. ऑफसाइड त्यांनी शिकवला होता, आणि शिकवताना मी चुकले की कधी 'असू दे' म्हणाले नव्हते.

"नाही म्हणणार," मी म्हणाले. "कप्तानाचे पाय गेलेत. तुमचेही गेलेत. पण त्याला तिथे पळायचंय, आणि तुम्हाला माझ्या शेजारी बसून माझ्याशी भांडायचंय. त्याला पाय लागतात. तुम्हाला तोंड लागतं, आणि ते चांगलं धडधाकट आहे. त्याला विका. तुम्ही बसा. आता काय म्हणायचंय ते म्हणा, नाहीतर उचला कार्ड आणि जा."

माझे कान तापले होते. वाटलं, केलं आपण वाटोळं. जिभेला हाड नाही ते नाहीच.

मामा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग खोकला आला.

"मान्य," ते म्हणाले. "अरे, मान्य म्हणतोय, सांग त्या ऑफिसवाल्याला!"

बातमीदारांनी घाईघाईत सांगितलं. मामांनी कार्ड उचलून खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, "शब्द मागे घेतले असतेस ना, तर कार्ड डॉक्टरीणबाईंच्या यजमानांनाच दिलं असतं. मला बरं वाटावं म्हणून तू माझ्या 'हो'ला 'हो' करायला लागलीस, की तिथे बसण्यात काय अर्थ राहिला?"

मी खिळे पुन्हा तोंडात धरले, म्हणजे बोलता येत नाही असं दिसतं.

सात वाजून गेल्यावर बातमीदारांनी शेवटची बातमी दिली. "कप्तानाचं फिसकटलं. राहिला तो."

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मध्यरेषा गेली, कप्तान राहिला. आजच्या दिवसाचं काम झालं."

घरच्या मैदानावरचा पहिला सामना पुढच्याच आठवड्यात होता. मी उरलेल्या कापडाच्या चार उश्या शिवल्या, कारण पहिल्या रांगेतल्या सीटा म्हणजे नुसता थंडगार प्लास्टिकचा पत्रा. मामा गेटातून सरळ चालत आले. आमच्याबरोबर आले, आमच्याआधी नाही. मध्यंतरात उठून कॉफी घ्यायलाही गेले आणि परत येऊन म्हणाले, "पूर्वीसारखीच घाण आहे." आवाजात असा आनंद की जणू जुना मित्र भेटला.

बाकी डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खरं होतं. पलीकडच्या अर्ध्यात काय चाललंय ते काही कळेना. तिकडे आरडाओरडा झाला की त्या बातमीदारांच्या बाहीला ओढत, "काय झालं? बघा ना फोनमध्ये, काय झालं?" ज्या फोनला त्या इतकी वर्षं शिव्या घालत होत्या, त्याच्यावर आता मान लांब करून बसल्या होत्या. बातमीदारांचा भाव असा वधारला की विचारू नका.

पण जवळचं मात्र दिसत होतं. वरून मी बॅकचा पास बघायचे, इथून त्याचा घसा बसलेला ऐकू येत होता. बूट गवतात घुसल्याचा आवाज येत होता. बांबू जवळून गेला तेव्हा कळलं, पोरगं घाबरलेलं आहे. आणि शेवटची दहाएक मिनिटं उरली असताना, बरोबरी असताना, आम्हाला कॉर्नर मिळाला. आमच्या समोरचा.

घ्यायला कप्तान आला.

मी त्याला इतकी वर्षं बघत होते आणि पहिल्यांदा बघत होते. दाढीत पांढरे केस. गुडघ्यावर पट्टी, पट्टीवर पट्टी. झेंड्यापर्यंत येईतो धाप लागली होती, ती आम्हाला स्पष्ट ऐकू आली. त्याने चेंडू ठेवला, वाकला आणि उठताना एक हात मांडीवर टेकला. अगदी मामा आमच्या सोफ्यावरून उठतात तसा.

मामा टक लावून बघत होते. मग माझ्याकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "सूनबाई, तुझंच बरोबर होतं. पाय गेलेत. विकायला हवा होता."

"मामा, गप्प बसा!" मी ओरडले. "ऐकू जातंय त्याला! घेऊ दे ना कॉर्नर!" आणि मग माझं मलाच कळेना, मी मैदानाभोवतीच्या फळीवर दोन्ही हात आपटत उभी राहिले होते. "टाक रे बाबा! टाक! तुझ्याशिवाय कोण आहे आम्हाला!"

कप्तानाने मान वर केली. हसला की तोंड वाकडं केलं, सांगता येणार नाही. पण चेंडू असा टाकला की कुणी हाताने नेऊन द्यावा. बांबूला वाकावंही लागलं नाही, पळावंही लागलं नाही. नुसती मान हलवली. जाळं आमच्या डोळ्यांदेखत फुगलं.

पुढचं मिनिटभर मला काही आठवत नाही. बातमीदारांनी डॉक्टरीणबाईंना मिठी मारली होती आणि त्या सोडा म्हणत नव्हत्या. मामा उभे होते. फळीला धरून, पण स्वतःचे स्वतः उठून उभे. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते कप्तानाच्या नावाने शिव्या आणि आशीर्वाद एकाच श्वासात देत होते.

"एवढ्याने काही होत नाही," डॉक्टरीणबाई केस सारखे करत म्हणाल्या. "फार तर अठरावे."

"सातवे," मी म्हणाले. "लिहून घ्या."

मामा हळूच उशीवर बसले. धाप ओसरू दिली. मग म्हणाले, "असो. जानेवारीत विंडो पुन्हा उघडते. तेव्हा बघू."

"काय बघू? कुणाचं बघू?"

"त्याचं," मामांनी मैदानाकडे बोट दाखवलं, कप्तान लंगडत मागे चालला होता तिकडे. "मी कुठे जातोय?"